पाकोळी मेली तो शनिवार

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते कवळ्या बनवायचे. दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत, प्लॅस्टरच्या धुळीत, दुसऱ्यांच्या जबड्यांच्या रांगेसमोर त्यांचा दिवस जायचा. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माप घ्यायच्या, मागच्या खोलीत मास्तर मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचे. त्यांच्या हातची कवळी घातली की माणूस अक्रोड फोडतो अशी त्यांची ख्याती होती, आणि ती बरीचशी त्यांनी स्वतःच पसरवलेली होती.

त्यांची थोरली बहीण, ताई, बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायची. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट, सगळं त्या खिडकीत येऊन पडायचं. एकदा ताईंनी बसमध्ये सापडलेली एक कवळी रुमालात गुंडाळून आणली.

"छोट्या, बघ रे, तुझ्यातली आहे का? बिचारं कुणीतरी घरी पातळ खात बसलं असेल."

मास्तरांनी ती उजेडात धरली, उलटी केली, नाक उडवलं. "माझी नाही."

"कशावरून?"

"माझी असती तर पडली नसती."

असा सगळा कारभार. 'मास्तर' हे नाव मात्र त्यांना दातांमुळे नाही, शनिवारच्या खेळामुळे पडलं होतं. त्या खेळाचं वर्णन मास्तरांच्या बायकोइतकं नेमकं कुणीच केलेलं नाही. ती शेजारणीला सांगायची, "अहो, चार घोडे टेबलाभोवती बसतात. एक म्हणतो, समोर दार आहे. दुसरा म्हणतो, मी दार उघडतो. दार नसतंच. मग चौघंही त्या दाराला घाबरतात." यात फक्त फासा सांगायचा राहिला. तुम्ही उडी मारली की फासा टाकायचा, खोटं बोललात की फासा टाकायचा, राक्षसाच्या नाकावर ठोसा मारलात तरी फासाच. वीस बाजूंचा, बोराएवढा. उडी पोचली की दरीत गेली, ते तो सांगणार. आणि दार कुठलं, दरी किती खोल, राक्षस कुणाचा कोण, हे सगळं जो सांगतो, तो हा खेळ चालवणारा. म्हणजे मास्तर.

आणि सांगायचे कसे! म्हातारा जादूगार बोलायला लागला की ते ओठ आत ओढायचे आणि बोळक्या तोंडातून फुसफुस वारा सोडायचे. बिनदाताची माणसं रोज समोर बसायची, आवाज फुकटात शिकून झाला होता. राणीचा आवाज हुबेहूब डॉक्टरीणबाईंचा. "आऽऽ करा. मोठ्ठा आऽऽ. शाब्बास. आता यांचं मुंडकं उडवा." ऐकणारी माणसं पोट धरून हसायची आणि पुढच्याच क्षणी घाबरून गप्प व्हायची. हे जमायला पंचवीसएक वर्षं घालवावी लागतात, आणि मास्तरांनी ती मजेत घालवली होती.

खेळणारे तिघं. पहिला त्यांचा मेहुणा, बायकोचा भाऊ. तो गाडी चालवायला शिकवायचा. खेळ त्याच्याच शाळेच्या वरच्या खोलीत चालायचा. भिंतीवर वळणांची आणि फाटकांची चिन्हं, एका बाजूला फळा, टेबलावर चौक समजावून सांगायच्या छोट्या मोटारी. त्याच मोटारी खेळात यांच्या सोंगट्या व्हायच्या आणि मास्तर खिशातून आणलेल्या प्लॅस्टरच्या दाढा राक्षस म्हणून मांडायचे. मेहुण्याला धंद्याची एक सवय जडलेली होती. गोष्टीत संकट आलं की त्याचा उजवा पाय टेबलाखाली नसलेला ब्रेक दाबायचा. "भावोजी, हळू… हळू… पुढे बघा… अहो, दरी आहे!" असं तो मास्तरांनाच सांगायचा, जणू राक्षसाचं स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं. म्हणजे होतंच म्हणा.

दुसरी वकीलबाई. ही केस कापायची. कोपऱ्यावर तिचं सलून होतं. पण खेळात कुणी काही केलं रे केलं की तिची मान एका बाजूला कलायची आणि प्रश्न यायचा, "नियम काय म्हणतो?" म्हणून वकीलबाई. आणि तिसऱ्या ताई.

ताई मुळात खेळायला आल्याच नव्हत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढायला वेळ लागायचा, एकदा भावाला डबा द्यायला म्हणून त्या काठी टेकत वर आल्या आणि दम खायला बसल्या. बसल्या त्या बसल्याच. या खेळात प्रत्येकानं आपल्या जागी वावरणारं एक माणूस कागदावर तयार करायचं असतं. त्यांनी एक चोर तयार केली. छपरांवरून पळणारी, धुराड्यांमधून उतरणारी, कुणाच्या हाताला न लागणारी. तिचं नाव पाकोळी. बाकीच्यांनी आजवर किती माणसं तयार केली आणि किती मारून घेतली याचा हिशेब नव्हता, ताईंची पहिल्यापासून एकच. खिडकीवरचं दिवसाचं काम झालं की त्या कधी कधी मास्तरांना फोन करायच्या आणि अगदी दबक्या आवाजात, जणू कुणी ऐकेल, विचारायच्या, "छोट्या, त्या मनोऱ्याला मागून खिडकी असेल का रे?"

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ कायमची लिहिलेली होती. मेहुणा वर्गात शिकवताना सगळा फळा पुसायचा, ती ओळ सोडून. शिकाऊ मुलांना वाटायचं वाहतुकीचा नियम असेल. 'पडला तो फासा, बोलला तो शब्द.' हा मास्तरांचा कायदा. एकदा फासा पडला आणि मास्तर बोलले, की मागे फिरायचं नाही. फार वर्षांपूर्वी मेहुण्याचा लोखंड्या नावाचा योद्धा एका खंदकात पडून मेला, तेव्हा मेहुण्यानं पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. मास्तर फक्त फळ्याकडे बोट दाखवून थांबले. मेहुणा अजून ते विसरला नव्हता. कुणाच्याही वाढदिवसाला, कुणाच्याही बारशाला, विषय निघायचाच. "आज माझा लोखंड्या असता तर…"

आता पुस्तकाचं. या खेळाच्या नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं. मास्तरांचं दुसऱ्या आवृत्तीचं होतं. त्याची पाठ सुटली होती, पानं दवाखान्यातल्या रबरांनी बांधली होती, आणि मास्तरांना ते उघडावं लागत नव्हतं. तिसरी आवृत्ती आली तेव्हा मास्तरांनी तिला दूरच्या नातेवाइकासारखी वागणूक दिली. बघितलं, आणि ओळख दाखवली नाही. पण चौथी आली आणि वकीलबाईनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की आता याच पुस्तकानं खेळायचं. मास्तरांच्या वाढदिवसाला तिघांनी मिळून नवीकोरी प्रत त्यांच्या हातात ठेवली. वर लाल फीत.

"अरे वा!" मास्तर म्हणाले. "आठवड्यात तोंडपाठ करतो."

आणि खरंच बसले. पण पहिल्याच पानांवर ठेच लागली. जुन्या पुस्तकात फाशावर लहान आकडा पडला तर चांगलं आणि मोठा पडला तर घात. नव्यात बरोब्बर उलटं. मोठा पडला की चांगभलं. मास्तरांना वाटलं, कुणीतरी आपल्या घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून बिजागरीच्या बाजूला बसवल्या आहेत. पुढे तर शब्दही ओळखीचे राहिले नव्हते. जखमेला वेगळं नाव, मंत्राला वेगळं. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, पुन्हा कपाळावर. दोन परिच्छेद वाचले की पहिला पुसून जायचा. पालथ्या घड्यावर पाणी. अशा वेळी माणसानं 'मला जड जातंय' म्हणावं. मास्तर म्हणाले, "वाचून झालं. ठीक आहे. विशेष काही बदललेलं नाही."

विशेष काही बदललेलं नाही! हे वाक्य पुढे त्यांना झोपेतही ऐकू यायचं. आणि नुसतं वाक्य नाही. पुस्तकात त्यांनी एक खूण घातली होती, आणि दर शनिवारी निघण्याआधी ते ती खूण जाडजूड चिमूटभर पानं पुढे सरकवायचे. मेहुण्याला दिसावी म्हणून पुस्तक टेबलावर आडवं ठेवायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, ज्याच्या कवळ्या घालून गाव हसतं, तो न वाचलेल्या पुस्तकात खूण सरकवत होता.

चाललं मात्र बरेच दिवस. मोठा आकडा चांगला, एवढं त्यांनी घोकलं होतं. बाकीचं गोष्टीच्या ओघात वाहून जायचं. एकदा मात्र वकीलबाईची मान कलली.

"मास्तर, नव्या पुस्तकात अंधारात बाण मारायला—"

"मी चालवतोय की तू?" मास्तर एकदम चढ्या आवाजात म्हणाले. स्वतःच्याच आवाजात, राणीच्या नाही, राक्षसाच्या नाही. "एवढं येत असेल तर बस इकडे माझ्या जागेवर! मी येत नाही उद्यापासून. करून टाका बंद."

ताई म्हणाल्या, "छोट्या, पाणी पी." मास्तर प्यायले. खेळ पुढे सुरू झाला. त्यानंतर वकीलबाईची मान सरळच राहायला लागली, आणि मास्तरांना वाटलं, चला, समजलं तिला.

मग तो शनिवार आला.

झोपलेल्या राक्षसाच्या गळ्यात किल्ली, आणि वरच्या झुंबरावरून पाकोळी उलटी लोंबकळतेय. टेबलावर मास्तरांची सगळ्यात मोठी अक्कलदाढ, तिच्यावर ताईंची पिवळी मोटार. राक्षस जागा झाला. मेहुण्याचा पाय ब्रेकवर. "ताई, मागे घ्या, मागे घ्या, रिव्हर्स!" ताईंनी फासा टाकला, वाईट पडला. राक्षसाचा हात आला. पाकोळीच्या अंगातलं बळ मोजलं तर खाली शून्य उरलं.

मास्तरांनी मोठा श्वास घेतला. असे क्षण त्यांचे हातखंडा. आवाज खाली, आणखी खाली.

"पाकोळी मेली."

वकीलबाईचं तोंड उघडलं. मग तिचा चेहरा जरा वेडावाकडा झाला आणि तोंड मिटलं. मेहुणा भिंतीवरच्या 'पुढे शाळा आहे' या चिन्हाकडे टक लावून बघत राहिला.

ताईंचा तळहात त्यांच्या कागदावर सपाट पडला होता. "बरं," त्या म्हणाल्या. "कशी मेली, ते नीट सांग."

आणि मास्तरांनी सांगितलं. काय सांगितलं! झुंबराचे लोलक कसे वाजले, एवढंसं पाखरू कसं पडलं, पडतानाही मुठीत किल्ली कशी होती. ताईंचे डोळे भरून आले आणि त्या हसल्याही. "छान सांगितलंस रे." मग काठी घेऊन जिन्यानं एकेक पायरी उतरत गेल्या. मास्तरांना त्या दिवशी स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळा प्रसंग आवाजांसकट पुन्हा करून दाखवला.

"आणि ताईंची चिमणी मेली?" बायकोनं विचारलं.

"पाकोळी."

"तेच ते. मेली ना?"

"खेळ आहे तो."

"मला काय विचारताय," बायको म्हणाली. "मला तर दारही दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात ताईंचा दवाखान्यात फोन आला. नवीन माणूस तयार करायचाय, तर आधी कुठलं पान वाचू? मास्तर म्हणाले, "बघून सांगतो," आणि सुरुवातीच्या पानांपुढचं पुस्तक पहिल्यांदाच खरोखर उघडलं. अर्धवट मेण लावलेला जबडा बाजूला सारून, प्लॅस्टरच्या बोटांनी पानं उलटत गेले. आणि ते पान आलं. चुकायला वावच नव्हता. अख्खं पान रंगीत, मधोमध चौकट, चौकटीत जमिनीवर पडलेल्या माणसाचं चित्र. बळ शून्यावर आलं की माणूस मरत नाही. कोसळतो. मग त्याच्या खेळाडूनं एकदा फासा टाकायचा. बारा किंवा वर पडलं तर श्वास टिकला, साथीदार त्याला उचलून आणू शकतात. त्याखाली पडलं तर मात्र संपलं.

जुन्या पुस्तकात शून्य म्हणजे मरण. मास्तर जुनं बोलले होते.

चुकीची एक गंमत असते, ती एकटी कधी येत नाही. पहिल्यांदा त्यांना वाटलं, चूक झाली खरी, पण कळणार कुणाला? आणि दुसऱ्याच क्षणी वकीलबाईचं उघडून मिटलेलं तोंड डोळ्यांसमोर आलं. मग मेहुण्याचं 'पुढे शाळा आहे'. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. समोर रांगेत बिनमालकाचे जबडे, सगळ्यांनी दात विचकलेले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या, हातात एक कवळी. "आजोबांना डावीकडे बोचतेय म्हणे. पुन्हा करावी लागेल."

"ठेवा, करतो," मास्तर म्हणाले. असं कितीदा व्हायचं. बोचली की पुन्हा करायची, त्यात कसली लाज? त्यांनी ती कवळी हातात घेतली, आणि कितीतरी वेळ तिच्याकडे नुसते बघत राहिले.

संध्याकाळी ते सलूनमध्ये गेले. केस वाढलेले नव्हतेच. वकीलबाईनं काही न विचारता चादर गळ्याभोवती बांधली.

"मान खाली."

मास्तरांनी घातली. मान खाली असली की बोलायला सोपं जातं. "तुला माहीत होतं."

कात्री थांबली. "काय?"

"पाकोळीचं. शून्याचं."

"मास्तर, ते पान रंगीत आहे," वकीलबाई म्हणाली. "पुस्तक नुसतं हातातून पडलं तरी त्याच पानावर उघडतं."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर माशी बसली तरी नियम विचारतेस."

"बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तुमच्या ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर काठी टेकली." तिनं आरशात त्यांच्याकडे बघितलं. "नुसती ठेवली नाही हं. दाबली. अजून नख काळं आहे, दाखवू?"

मास्तरांना वर बघवेना.

"खाली गेल्यावर मी त्यांना म्हटलं, ताई, असं कसं, पाकोळी जिवंत आहे! तर मला म्हणतात…" आणि वकीलबाईनं ताईंचा तो दबका, खिडकीतून बोलल्यासारखा आवाज काढला, "'असू दे गं. मागच्या खेपेला तू बोललीस तर तो उठून चालला होता. पाकोळी काय, दुसरी करता येईल. छोट्याला दुसरीकडे कुठे बसता येईल?'"

चादरीवर पडलेले चार पांढरे केस मास्तर बोटानं एकत्र करत राहिले. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ते यासाठीच असावं. पण सलूनची फरशी धडधाकट होती. "मागून अजून थोडं घेऊ?" वकीलबाईनं विचारलं.

"घे," ते म्हणाले. "सगळं घेतलंस तरी चालेल."

उरलेला आठवडा त्यांनी पुस्तक वाचलं. खोटी खूण काढून फेकली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. फार जमलं नाही, पण थोडं जमलं. आणि वाचता वाचता एक शक्कल सुचली. कबूल कशाला करायचं? गोष्ट आपल्या हातात आहे. पाकोळीचं प्रेत एका झऱ्यापाशी नेऊ, झरा जादूचा निघेल, आणि पाकोळी उठून बसेल! ताई खूश, फळ्यावरची ओळ शाबूत, मास्तरांचं नाक शाबूत. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. काठी म्हटल्यावर त्यांना वकीलबाईचं नख आठवलं. त्यांनी ते मनातून झटकून टाकलं.

शनिवारी ताई नवा कागद घेऊन आल्या. "ही बघ माझी नवीन. म्हातारी आहे. काठी टेकत चालते. छप्परबिप्पर काही नाही, आपली दारात बसून शहाणपण सांगेल."

"ताई, तुम्हीच की!" मेहुणा म्हणाला.

"हो ना. म्हटलं, आता पळायला नको."

मास्तरांची शक्कल तयार होती, त्यांनी ती बाहेर काढली. आवाज खाली, डोळे अर्धे मिटलेले. "जंगलात… एक झरा आहे. चांदीसारखं पाणी. तुम्ही पाकोळीला तिथे ठेवता. आणि पाण्यातून एक म्हातारा आवाज येतो…" त्यांनी ओठ आत ओढले, फुसफुस वारा सोडला. "'हिला… मी… परत देतो…'"

कुणी हसलं नाही. कुणी घाबरलंही नाही. मेहुण्याचा पाय जागच्या जागी होता.

"गोष्ट बरी आहे, छोट्या," ताई म्हणाल्या. "पण नको."

"अगं, उठेल ती!"

"झऱ्याच्या उपकारानं?" ताईंनी कागद घडी करून पुन्हा उघडला. "ती कधी कुणाचं फुकट घेत नव्हती. चोरून घ्यायची. राहू दे. तुझाच कायदा आहे ना?" आणि त्यांनी फळ्याकडे नुसती नजर टाकली. बोट दाखवलं नाही.

बोलायचं तर आताच होतं, नाहीतर कधीच नाही. मास्तरांनी ओठ आत ओढलेले होते, ते बाहेर आले. आता कुठला आवाज काढावा हे त्यांना समजेना. जादूगाराचा चालत नव्हता, राणीचा चालत नव्हता. उरला तो बारीक निघाला, शाळकरी पोराचा.

"ती मेलीच नव्हती. मी चुकीचं बोललो. शून्यावर नुसतं कोसळतात. मी… पुस्तक वाचलं नव्हतं. वाचलं म्हणालो, पण नव्हतं. खूण नुसती सरकवत होतो."

"ती खूण?" मेहुणा म्हणाला. "भावोजी, एकदा ती पुढच्या आठवड्यात मागे आली होती. मी म्हटलं, पुन्हा वाचतायत, केवढा अभ्यास!"

"आणि तुला," मास्तर वकीलबाईकडे वळले, पण तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून तिच्या पायाकडे बघत म्हणाले, "तुला ओरडलो होतो. अंधारातल्या बाणाचं. तेव्हाही तूच बरोबर होतीस."

"माहीत आहे मला," वकीलबाई म्हणाली.

मग ताईंकडे बघणं आलं. ते जमेना. त्यांनी खिशातून अक्कलदाढ काढली, टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"मी उठून जाणार नाही," ते म्हणाले. "तू काठी वर घे."

ताईंचा चेहरा एकदम लाल झाला. आपण काय केलं ते भावाला कळलंय हे त्यांना आता कळलं, आणि त्यांनाच चोरी पकडली गेल्यासारखं झालं. "हिनं सांगितलं वाटतं," त्या पुटपुटल्या. वकीलबाईनं दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

मास्तर उठले. फळ्यापाशी गेले, खिशातल्या रुमालानं ती ओळ पुसली. इतक्या वर्षांचा खडू, पटकन निघेना. घासघासून 'पडला तो फासा' तेवढं राहिलं, पुढचं गेलं.

"एक मिनिट!" मेहुणा ताडकन उभा राहिला. "हे मागे फिरायचं चालतं? मग माझा लोखंड्या?"

"तो मेला."

"का?"

"जुनं पुस्तक होतं. जुन्यात शून्य म्हणजे मरण. तो नियमानं मेला."

"म्हणजे मी मेलो तेव्हा तुम्ही पुस्तक वाचलेलं होतं!" मेहुणा कळवळून म्हणाला. "हा कुठला न्याय झाला?"

पण बसला. वकीलबाईनं आपली प्रत मास्तरांपुढे सरकवली, रंगीत पानावर उघडून. पिवळी मोटार पुन्हा अक्कलदाढेशेजारी आली, आडवी. मास्तरांनी चष्मा नाकावर घेतला आणि सगळ्यांदेखत, ओळीखाली बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं ते पान वाचलं. एका शब्दाला अडले. वकीलबाईनं सांगितला. पुढे पुन्हा अडले. पुन्हा सांगितला. त्या आवाजात नाट्य नव्हतं, राक्षस नव्हता, आणि टेबलाभोवती इतकी शांतता त्यांच्या भारीतल्या भारी गोष्टीलाही कधी मिळाली नव्हती.

"टाक," ते ताईंना म्हणाले. "पण हे खरं असेल हं. मेली तर मेली."

"तसंच हवंय मला," ताई म्हणाल्या.

त्यांनी फासा मुठीत घेतला, हलवला. ब्रेक दाबताना मेहुण्याचा बूट फरशीवर करकरला. फासा टेबलावर पडला, दाढेला आपटला, गडगडत पुस्तकाच्या कडेला जाऊन थांबला.

एकोणीस.

मास्तरांचा चेहरा पडला. एवढा मोठा आकडा! गेली बिचारी. आता हे ताईला कुठल्या तोंडानं सांगायचं, या विचारानं त्यांनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. तेवढ्यात खोलीत आरडाओरडा झाला. मेहुणा "सुटली, सुटली, गियर टाका!" म्हणून टेबल बडवत होता, वकीलबाई ताईंच्या गळ्यात पडली होती. मास्तर आळीपाळीनं तिघांकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं जे व्हायचं ते आधी त्यांना कळायचं आणि मग टेबलाला. आज सगळ्यात शेवटी त्यांना कळत होतं.

ताईंनी डोळे पुसले, म्हातारीचा कागद चुरगळून पिशवीत टाकला आणि काठीच्या टोकानं टेबलाखाली हळूच भावाच्या पायाला ढोसलं.

"छोट्या, वर बघ," त्या म्हणाल्या. "मोठा चांगला. नवीन पुस्तक आहे."